जुनी जीप : तयार घ्यावी की करून घ्यावी?



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे जुनी माणसे म्हणत आली आहेत. या दोन कामांत माणसाच्या खिशाची, स्वभावाची आणि सोबत्यांची खरी परीक्षा होते, असा त्याचा अर्थ. अलीकडे या जोडीला एक तिसरे काम येऊन बसले आहे. ते म्हणजे जुनी जीप नव्याने उभी करणे. ऊस बरा गेला म्हणून चार पैसे हाती आलेला तरुण शेतकरी असो, नोकरीत स्थिरावलेले मास्तर असोत, की निवृत्तीच्या रकमेचे काय करावे या विचारात पडलेले काका असोत, जीपचा विषय निघाला की तिघांचेही डोळे सारखेच चमकतात. रुंद टायर, तकतकीत रंग, उघडा हौदा, बांधा आजोबांच्या काळातला आणि इंजिन मात्र नव्या दमाचे, अशी गाडी त्यांनी कुठेतरी पाहिलेली असते. मग प्रश्न येतो, अशी बदल केलेली जीप कोणाकडून तयार विकत घ्यावी, की जुना सांगाडा आणून आपल्या नजरेखाली करून घ्यावी?

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. पाना हातात धरणारा मी नव्हे. पण ‘विकत घ्यावे की करून घ्यावे’ हा अर्थशास्त्रातला फार जुना प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर केवळ किमतीच्या आकड्यात सापडत नाही. तेव्हा आज आपण दोघे मिळून याचा नीट हिशेब मांडू या.

प्रथम या गाडीची थोडी ओळख. जीप जन्मली ती युद्धासाठी. 1941 पासून अमेरिकेत विलीज कंपनीने आणि तिच्याच नमुन्यावर फोर्ड कंपनीने या गाड्या बनवल्या. युद्ध संपेपर्यंत त्यांची संख्या 6 लाखांच्या वर गेली होती. चार सिलिंडरचे, सुमारे 60 अश्वशक्तीचे इंजिन, शिडीसारखी पोलादी चासी, खाली पाटे आणि चारही चाकांना जोर देणारी एक दांडी. बस, एवढाच तिचा संसार. आपल्याकडे महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे तीच घराण्याची खूण पाळत अनेक दशके जीपा इथेच बनत राहिल्या. तहसीलदाराची जीप, आरोग्य खात्याची जीप, साखर कारखान्याच्या गटअधिकाऱ्याची जीप हे शब्द खेड्यात घरचेच होऊन गेले. तिची रचना इतकी सरळ, की तालुक्याचा मेकॅनिक ती डोळे मिटून उघडतो. सुटे भागही अजून मिळतात. म्हणूनच जुन्या गाडीत बदल करण्याची हौस आपल्याकडे जीपभोवतीच जास्त फिरते. हरियाणात मंडी डबवाली नावाचे एक गाव तर मागणीप्रमाणे जीपा बांधून देणाऱ्या कारागिरांसाठीच प्रसिद्ध आहे.

आता मुद्द्याला हात घालू. पण घ्यावी की करावी हे ठरवण्याच्या आधी एक चाळण आहे. तिच्यातून गाडी खाली पडली, तर पुढचा विचारच नको. ती चाळण कायद्याची.

मोटार वाहन कायदा 1988 चा आहे. त्याच्या कलम 52 चा आशय असा, की कारखानदाराने जी गाडी जशी म्हणून बनवली आणि नोंदणीपत्रात जशी लिहिली गेली, तिच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पुन्हा स्पष्ट करून सांगितला. त्याच वर्षी कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने विनापरवाना बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. सीएनजी किंवा बॅटरीवर गाडी चालवायची, तर मान्यताप्राप्त संच बसवून आणि अटी पाळून तो बदल करता येतो. पण पेट्रोल जीपमध्ये दुसऱ्याच कुठल्यातरी मोटारीचे दणकट इंजिन बसवायचे, चासी कापून लांब करायची, हे कायद्यात बसत नाही असे धरूनच चालावे. जुन्या जातीचेच इंजिन बदलायचे असले, तरी आधी आर.टी.ओ.ची परवानगी आणि मागाहून नोंद हवी. फार काय, रंग बदलला तरी तो आर.सी.वर चढवावा लागतो.

कोणी म्हणेल, “सर, रस्त्यावर इतक्या फिरतात, कोण विचारतो?” कोणी विचारत नाही हे खरे, पण अपघात होईपर्यंत. अपघात झाला की पंचनामा होतो, विमा कंपनीचा माणूस येतो, आणि आर.सी.वरचे इंजिन व गाडीतले इंजिन यांची गाठ घातली जाते. विमा उतरवताना न सांगितलेला बदल त्या दिवशी बोलू लागतो. जखमी माणसाची भरपाई मग कोणाच्या सातबाऱ्यावर येईल, याचा विचार हौस करण्याआधी करावा.

आणखी एक गोष्ट. 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 2021 मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ नोंदणीचे निराळे नियम केले. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते, नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे आणि ती 10 वर्षे चालते. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठी उलथापालथ झालेली नसावी. शिवाय तिचा रोजच्या येण्याजाण्यासाठी किंवा धंद्यासाठी वापर करता येत नाही. म्हणजे मूळ गाडीचा मान हवा असेल तर बदल सोडावे लागतात, आणि बदल हवे असतील तर तो मान सोडावा लागतो. दोन्ही हाती येत नाही.

तेव्हा कागद आधी पाहा. आर.सी.वरचा चासी नंबर चासीवर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. गंजावर ऑईलचा बोळा फिरवा, पण वाचाच. आकडे खरवडलेले किंवा नव्याने ठोकलेले दिसले, तर चहा पिऊन घरी या. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या संगणकीय नोंदवहीत गाडी सापडते का पाहा. कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म 35, दुसऱ्या आर.टी.ओ.च्या हद्दीतली असेल तर ना-हरकतीचा फॉर्म 28, आणि मालकी बदलाचे 29 व 30 हे सगळे हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. 15 वर्षे उलटलेल्या खाजगी गाडीची नोंदणी दर 5 वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी आर.टी.ओ.त गाडी दाखवावी लागते. महाराष्ट्रात अशा गाड्यांना पर्यावरण करही आहे. हा खर्च गाडीच्या किमतीत दिसत नाही, पण तो गाडीबरोबरच घरात येतो.

चाळण झाली. आता तयार गाडी घेण्याचा विचार करू.

तयार गाडीचा मोठा गुण हा, की तिची किंमत आज कळते आणि ती उद्या दारात उभी राहते. आणखी एक गुण आहे, तो पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हौसेने बांधलेली गाडी विकताना बांधणाऱ्याला त्याचा सगळा खर्च सहसा परत मिळत नाही. त्याने त्याच्या आवडीचा रंग दिलेला असतो, त्याच्या आवडीची आसने बसवलेली असतात. ती आवड गिऱ्हाईक विकत घेत नाही. रात्री जागून घातलेल्या त्याच्या वेळेची किंमत तर बाजार धरतच नाही. म्हणजे खरोखर नीट बांधलेली गाडी मिळाली, तर घेणारा फायद्यात राहतो.

पण हा ‘तर’ फार मोठा आहे. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये एक निबंध लिहिला, आणि त्यात उदाहरण घेतले ते जुन्या मोटारींच्या बाजाराचे. तिकडे वरून बरी पण आतून बिघडलेल्या मोटारीला ‘लिंबू’ म्हणतात. अकरलॉफ म्हणाले, विकणाऱ्याला गाडीची आतली अवस्था ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांना भीतभीत मध्यम किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही. लिंबूवाला मात्र आनंदाने होतो. हळूहळू बाजारात लिंबेच जास्त उरतात. या विचाराबद्दल त्यांना 2001 मध्ये आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. बैलबाजारात गेलेल्या शेतकऱ्याला हे सांगायला नोबेलची गरज नाही. म्हणून तर तो दात पाहतो, खूर पाहतो, बैल चालवून पाहतो, आणि विकणाऱ्याच्या तोंडाकडे नव्हे तर त्याच्या गावातल्या शेजाऱ्याकडे चौकशी करतो.

जीपचे दात कुठे पाहायचे, ते सांगतो. श्रोत्यांनी हे लिहून ठेवले तरी चालेल.

एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळून बॉडीवर फिरवा. जिथे तो पकड सोडतो, तिथे रंगाखाली पत्रा नसून पुट्टीचा थर आहे असे समजा. बॉडीचे मात्र एवढे मनावर घेऊ नका. ती नवी मिळते. खरा जीव चासीत आहे. विजेरी घेऊन गाडीखाली जा. पाट्यांचे कान जिथे चासीला जोडलेले असतात तिथे चिरा, वेल्डिंगचे टाके, ताज्या काळ्या रंगाखाली झाकलेला गंज शोधा. मग दोरी घ्या. पुढच्या डाव्या पाट्याच्या खिळीपासून मागच्या उजव्या पाट्याच्या खिळीपर्यंत एक माप, आणि तसेच उलट बाजूने दुसरे. चासी सरळ असेल तर हे दोन्ही कर्ण सारखे भरतात. शिक्षक बंधूंनो, समद्विभुज समलंब चौकोनाचे कर्ण समान असतात, हे प्रमेय कशासाठी शिकायचे असे मुलांनी विचारले, तर त्यांना जीपखाली घेऊन जा. कर्णांत अंतर पडले, तर गाडीने कधीतरी मोठा मार खाल्लेला आहे.

इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. आधीच तापवून ठेवले असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. पेट्रोल इंजिनाचा धूर निळसर असेल तर ऑईल जळते आहे, काळा असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, आणि तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी सिलिंडरमध्ये उतरते आहे. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्या. चार आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. ब्रेकवर पाय दाबून एक मिनिट तसाच ठेवा. पेडल हळूहळू खाली जात असेल, तर कुठेतरी गळती आहे. स्टिअरिंगचे चाक किती मोकळे फिरते, ते पाहा. आणि सोबत तुमचा मेकॅनिक न्या. विकणाऱ्याने सुचवलेला मेकॅनिक हा विकणाऱ्याचाच माणूस होय. शेवटी मालकाला विचारा, “कामाची बिलं आहेत का? काम चालू असतानाचे फोटो आहेत का?” मन लावून काम करणाऱ्याने ते ठेवलेले असतात. नसतील तर तुम्ही फक्त रंग विकत घेत आहात.

आता दुसरी वाट, करून घेण्याची.

हिचा सर्वांत मोठा फायदा असा, की अकरलॉफनी सांगितलेले अज्ञान इथे उरत नाही. कोणत्या बोल्टला कोणता वॉशर लागला, हेही तुम्हाला ठाऊक असते. गाडी बांधणारा माणूस पैसे आणि वेळ देऊन गाडीबद्दलचे ज्ञानच विकत घेत असतो. ज्याला त्या ज्ञानाची गोडी आहे, त्याला हा सौदा स्वस्त. ज्याला नाही, त्याच्यासाठी ती निव्वळ डोकेदुखी. म्हणून स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, मला गाडी हवी आहे, की गाडी करण्याचा आनंद हवा आहे? रविवारी सकाळी हात काळे करून घ्यायला मी राजी आहे, की मला रविवारी सकाळी बायकामुलांना घेऊन देवाला जायचे आहे?

खर्चाचे म्हणाल, तर इथे आपली म्हण लागू पडते, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. सांगाडा स्वस्तात मिळतो आणि तिथेच माणूस फसतो. कारण गाडीत एक बदल कधी एकटा येत नाही. समजा, जोरकस इंजिन बसवले. त्याचा जोर जुना गिअरबॉक्स सोसत नाही, म्हणून गिअरबॉक्स बदलला. त्याची लांबी वेगळी, म्हणून शाफ्ट कापून लेथवर नवा केला. वेग वाढला, म्हणून ब्रेक बदलायला हवेत. सुरुवातीच्या जीपांत विजेची मांडणी 6 व्होल्टची, म्हणून सगळे वायरिंग 12 व्होल्टचे करायला हवे. मोठे टायर घातले, तर चाकाचा घेर वाढून स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू लागतो. गाडी उंच केली, तर आधीच अरुंद असलेली जीप वळणावर उलटायला सोपी होते. कायद्याने या वाटेला आधीच कुंपण घातले आहे ते उगीच नव्हे. कारखान्यात इंजिन, ब्रेक, चासी, वजन यांचा मेळ हिशेबाने घातलेला असतो. आपण एक खिळा हलवला की सगळा मेळ विस्कटतो.

यातली ब्रेकची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, म्हणून ती जरा सावकाश सांगतो. धावत्या गाडीत साठलेली शक्ती वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी 40 किलोमीटरवरून वेग 80 झाला, म्हणजे दुप्पट झाला, तर ब्रेकला जिरवावी लागणारी शक्ती दुप्पट होत नाही. ती चौपट होते. ही सगळी शक्ती ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन बसते. ड्रम तापला की लायनरची पकड सुटते. कुंभार्ली किंवा आंबोली घाट उतरताना भरलेल्या गाडीला हा अनुभव यायला वेळ लागत नाही. त्यात जुन्या जीपांत ब्रेकच्या तेलाची वाट चारही चाकांना मिळून एकच असे. एका चाकाशी नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. पुढच्या काळातल्या गाड्यांत दोन स्वतंत्र वाटा आल्या, त्या यासाठीच. जी जीप 60 अश्वशक्तीसाठी बांधली, तिच्यात दुप्पट शक्ती घालणाऱ्याने थांबण्याची शक्ती किती घातली, हा प्रश्न आधी विचारावा. रस्त्यावर कौतुक होते ते पळण्याचे, पण घरी सुखरूप पोचवते ते थांबणे.

म्हणून करून घ्यायचीच असेल, तर कामाचा क्रम पाळा. आधी चासी उघडी करून तपासणे आणि गंज काढणे. मग ब्रेक, मग स्टिअरिंग, मग चाकांची बेअरिंगे आणि पाटे, मग वायरिंग, मग इंजिनाचे काम, मग बॉडी आणि सगळ्यात शेवटी रंग. पुष्कळ लोक नेमके उलटे करतात. आधी रंग, आसने आणि दिवे यांवर पैसे घालतात, कारण ते दिसतात. ब्रेकपर्यंत येईतो पैसे संपतात. मग जीप चिंचेखाली ताडपत्री पांघरून बसते आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागतात. अशी एखादी जीप तुमच्याही पंचक्रोशीत असेल. अर्धवट राहिलेली गाडी भंगारापेक्षाही महाग पडते. भंगार निदान वजनावर जाते. अर्धवट गाडी माणूस आशेने विकत नाही.

हे टाळायचे असेल, तर तीन गोष्टी करा. पहिली, जो अंदाज मेकॅनिक सांगेल, त्याच्या निदान निम्मी रक्कम वेगळी बाजूला ठेवून मगच कामाला हात घाला. उघडल्याशिवाय आतले कळत नाही, यात मेकॅनिकचा दोष नाही. दुसरी, पैसे टप्प्याटप्प्याने द्या. चासी तयार झाली, पाहिली, मग पुढचा हप्ता. सगळे पैसे आधी दिले की तुमची गाडी गॅरेजच्या मागच्या भिंतीकडे सरकते, आणि रोखीचे काम पुढे येते. तिसरी, एक वही ठेवा. तीत पैशांबरोबर वेळही लिहा. तालुक्याला मारलेल्या फेऱ्या, बुडालेला दिवस, सुट्या भागासाठी केलेला पुण्या-मुंबईचा प्रवास, सगळे लिहा. अर्थशास्त्रात ज्याला आम्ही सोडून दिलेल्या संधीचे मोल म्हणतो, ते हेच. त्याच पैशात विहिरीवरचा पंप बदलता आला असता, त्याच रविवारी मुलाचे गणित पाहता आले असते. हौसेला मोल नाही म्हणतात. मोल असते, फक्त ते लिहिलेले नसते. लिहिल्यावरही हौस करावीशी वाटली, तर खुशाल करा. डोळे उघडे ठेवून केलेल्या हौसेला मी कधी उधळपट्टी म्हणणार नाही.

मग घ्यावी की करावी? इतका वेळ दोन्ही बाजू सांगून मी तुम्हाला मध्येच सोडणार नाही. माझे मत स्पष्ट सांगतो.

ज्याला गाडी रोज लागते, दूधसंघाला कॅन पोचवायचे आहेत, दवाखान्याची वाट आहे, त्याने यांतले काहीच करू नये. त्याने कारखान्याची वॉरंटी असलेली किंवा अलीकडची चालती गाडी घ्यावी. जुनी जीप ही त्याची दुसरी गाडी होऊ शकते, पहिली नव्हे.

ज्याला कधीमधी हौसेने फिरवायची आहे, त्याने बदल केलेली गाडी न घेता, जिच्यात कोणी हात घातलेला नाही अशी, चालती, सरळ चासीची, स्वच्छ कागदांची जीप घ्यावी. दिसायला ती गबाळी असेल. असू दे. गबाळेपणा प्रामाणिक असतो. त्यात गंज गंजासारखा दिसतो आणि डाग डागासारखा. मग ती चालवत चालवत, तिच्या मूळ मांडणीतच तिला सुधारावे. या वर्षी ब्रेकची सगळी नळी, सिलिंडर आणि लायनर नवे. पुढच्या वर्षी वायरिंग आणि चांगले दिवे. त्यानंतर आसने आणि मजबूत बसवलेले पट्टे. एखादी गोष्ट आर.सी.ला शिवते की काय अशी शंका आली, तर आधी आर.टी.ओ.त विचारावे. यात गाडी एक दिवसही पूर्ण बंद पडत नाही, पैसे पेलतील तसे जातात आणि ज्ञानही हाताला लागत राहते. विकत घेणे आणि करून घेणे यांचा हा मेळ मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

आणि ज्याला करण्यातच गोडी आहे, वेल्डिंगच्या ठिणग्या पाहून ज्याला भूक आठवत नाही, त्याने खुशाल सांगाडा आणावा. फक्त तो कागदांसह आणावा, एकट्याने न करता आय.टी.आय. शिकलेल्या गावातल्या एखाद्या पोराला सोबत घ्यावे, आणि कोणत्या तारखेला हिशेब तपासून थांबायचे की पुढे जायचे हे आजच वहीत लिहावे. शिक्षकांना तर मी म्हणेन, शाळेजवळ असे काम चालू असेल, तर वरच्या वर्गातल्या मुलांना एक तास तिकडे न्या. तरफ, घर्षण, उष्णता, द्रवाचा दाब हे सगळे धडे तिथे हात लावून पाहता येतात. खर्चाची वही मुलांना दाखवली, तर शेकडेवारीचा धडाही होईल.

तयार गाडी विकणारा तुम्हाला एक फेरी मारून आणेल. रस्ता सपाट असेल, गाडीत तुम्ही दोघेच असाल. त्या फेरीवर निर्णय करू नका. आपली जीप कधी दोघांची राहत नाही, हे आपण जाणतो. जत्रेच्या दिवशी पुढे तीन आणि मागच्या आडव्या बाकांवर शेजाऱ्यांची पोरे धरून सहा-सात जण बसतात, आणि वाटेत उतार असतोच. नियम काय सांगतो ते आर.सी.वर लिहिले आहे. जितक्या आसनांची नोंद, तितकीच माणसे, हे आधी मनाशी पक्के करा. मग तुमच्या घरातली तेवढी माणसे त्या जीपमध्ये मनाने बसवा, ती तुमच्या ओळखीच्या घाटाच्या माथ्यावर उभी करा, आणि स्वतःला विचारा, या गाडीचे ब्रेक कोणी केले, ते मला ठाऊक आहे का? त्या माणसाचे नाव सांगता आले, त्याचे काम तुम्ही पाहिलेले असले, तर गाडी विकत घेतलेली असो की करून घेतलेली, खुशाल किल्ली फिरवा. नाव सांगता येत नसेल, तर आधी चारही चाके काढून ब्रेक पाहा. तेवढ्यासाठी एक दिवस मोडला तरी हरकत नाही.